बुश कोणत्या बाजूने खाल्लाय? फर्नेस ब्लोअरच्या बेअरिंग दुरुस्तीच्या नोंदी

१२ सप्टेंबर

थंडी सुरू होण्याआधी फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, आज पहिल्यांदा चालवून पाहिली. ब्लोअर, म्हणजे तिची हवा घरभर ढकलणारा पंखा, सुरू होताना दोन-तीन सेकंद ‘चीं’ असा तीक्ष्ण आवाज येतो, मग पूर्ण वेगावर तो दबतो आणि त्याच्या खालून एक सलग खरखर ऐकू येत राहते. बंद केल्यावर चाक हळूहळू मंदावत थांबायला हवे, पण ते शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत गुरगुरते आणि ब्रेक लावल्यासारखे एकदम उभे राहते. हे शेवटचे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण मोटर बंद झाल्यावर विजेचा गुणगुणाट थांबतो आणि बेअरिंगचा स्वतःचा आवाज उघडा पडतो.

पुढच्या नोंदी समजाव्यात म्हणून यंत्राची रचना आधी लिहून ठेवतो. हा ब्लोअर जुन्या पद्धतीचा, पट्ट्यावर चालणारा आहे. पिंजऱ्यासारखे चाक पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर बसवलेले आहे आणि तो शाफ्ट चाकाच्या दोन्ही अंगांना रबरी कड्यांत बसवलेल्या ब्राँझच्या बुशांत, म्हणजे बेअरिंगचे काम करणाऱ्या छोट्या नळ्यांत, फिरतो. बुशांवर तेलाचे छोटे कप आहेत. मोटर एक-तृतीयांश अश्वशक्तीची असून ती ब्लोअरच्या कवचाच्या डोक्यावर बसवलेली आहे, त्यामुळे पट्टा शाफ्टला वरच्या दिशेने ओढतो. मोटर चार ध्रुवांची, ६० हर्ट्झवर मिनिटाला १,७२५ फेरे घेणारी आहे. तिची पुली ८३ मिलिमीटरची आणि ब्लोअरची १७८ मिलिमीटरची, म्हणून चाक मिनिटाला साधारण ८०४ फेरे घेते. अलीकडच्या बहुतेक फर्नेसमध्ये मोटर चाकाच्या पोटातच असते आणि पट्टाच नसतो. तिथे बेअरिंगची झीज म्हणजे थेट मोटरच्या बेअरिंगची झीज.

दोन्ही कपांत एसएई २० श्रेणीचे, डिटर्जंट नसलेले मोटर तेल तीन-तीन थेंब घातले. पुलीपासून दूरच्या बुशाने ते मिनिटभरात पिऊन टाकले. पुलीकडच्या कपात मात्र अर्ध्या तासानेही तेल जसेच्या तसे होते. ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवत आहे.

१३ सप्टेंबर

आवाज नेमका कुठून येतो, हे ठरवल्याशिवाय काहीही खोलायचे नाही असे ठरवले होते. फर्नेसचा गॅसचा कॉक बंद केला, वीज मुख्य स्विचपासून तोडली आणि टेस्टरने तारा तपासल्या. ज्या मोटरींना कपॅसिटर असतो तिथे वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो आणि तो रोधकातून उतरवल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नये. माझ्या मोटरला कपॅसिटर नाही, तरी तपासून खात्री केली.

पट्टा उतरवला. मोटरची पुली हाताने फिरवली तर बारीक वाळूवरून बोट फिरवावे तशी किरकिर हाताला जाणवली. ब्लोअरचे चाक फिरवले तर ते एक फेराही पूर्ण न घेता थांबले. म्हणजे बिघाड दोन्हीकडे आहे, पण त्यांची जात वेगळी आहे. गॅस बंदच ठेवून थोडा वेळ वीज जोडली, पट्ट्याशिवाय एकटी मोटर चालवली, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटरच्या कव्हरवर टेकवले आणि मूठ कानाशी धरली. पुलीकडच्या टोकाला खरखर स्पष्ट होती, मागच्या टोकाला अगदी अंधुक.

शाफ्ट पुलीजवळ धरून वर-खाली हलवला तेव्हा तो डोळ्यांना दिसण्याइतका हलला. दूरच्या टोकाला हाताला काही जाणवले नाही.

संध्याकाळी सहज पाहिले, तर पुलीकडच्या कपातले कालपासून तुंबलेले तेल निम्म्याने खाली गेले होते. पट्टा उतरवण्याव्यतिरिक्त मी त्या बुशाला काहीच केले नव्हते.

१५ सप्टेंबर

ब्लोअर रुळांवरून ओढून बाहेर काढला. तारांची छायाचित्रे घेतली, प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी लावली आणि चाक कोणत्या दिशेने फिरते त्याचा बाण कवचावर खडूने काढला. हा बाण महत्त्वाचा आहे. या चाकाच्या पात्यांची पोकळ बाजू फिरण्याच्या दिशेकडे तोंड करून असते. चाक उलटे बसवले तरी ते फिरते आणि थोडी हवाही टाकते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही; हवा मात्र खूपच कमी पडते.

खरा वेळ गेला तो चाक शाफ्टवरून सोडवण्यात. चाकाच्या बोथीतला, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागातला, ग्रब स्क्रू (चाक शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) सैल केला, गंज सोडवणारे तेल घालून तासभर थांबलो, तरी चाक हलेना. या ठिकाणी हातोडा उचलण्याचा मोह होतो आणि तिथेच चाक वाकते. टॉर्च लावून पाहिल्यावर कारण दिसले. ग्रब स्क्रू वर्षानुवर्षे शाफ्टमध्ये रुतून त्याच्या खळग्याभोवती धातूची एक कड उठली होती, जेमतेम नखाला लागेल एवढी. ती कड बोथीच्या आत अडकत होती. चाक आतल्या बाजूला दोन मिलिमीटर सरकवून खळगा उघडा केला, छोट्या कानशीने ती कड शाफ्टशी सपाट होईपर्यंत घासली, मग पॉलिश पेपर फिरवला. त्यानंतर चाक हाताच्या जोरावर सरकले. शाफ्ट याच अवस्थेत बुशातून ठोकून बाहेर काढला असता, तर त्या कडेने बुशाच्या पूर्ण लांबीवर ओरखडा काढला असता. बुश बदलायचेच असल्याने तो ओरखडा चालला असता असे कुणी म्हणेल, पण मग बुशावरच्या झिजेच्या खुणा पुसल्या गेल्या असत्या, आणि मला त्याच वाचायच्या आहेत.

१६ सप्टेंबर

चाक धुतले. पात्यांच्या खोलगट भागात धुळीचा नमद्यासारखा थर साचला होता. तो मऊ ब्रशने आणि साबणाच्या कोमट पाण्याने काढला. तीन पात्यांवर पत्र्याच्या लहान चिमट्या आहेत. त्या चाकाचा तोल साधण्यासाठी कारखान्यातच लावलेल्या असतात, त्यांना हात लावला नाही.

१८ सप्टेंबर

मोजमापे घेतली. मायक्रोमीटरने शाफ्ट तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी चार दिशांनी मोजला. जिथे काहीच घासत नाही त्या मधल्या भागात तो १९.०४, दूरच्या बुशाखाली १९.०३ आणि पुलीकडच्या बुशाखाली १८.९० मिलिमीटर भरला. पुलीकडे चारही दिशांची मापे एकमेकांच्या एका शतांशाच्या आत होती, म्हणजे शाफ्ट झिजला आहे पण गोल राहिला आहे.

शाफ्ट काढण्यापूर्वी डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या घड्याळासारख्या मापकाने) घेतलेला प्ले, म्हणजे सैलपणा, दूरच्या बुशात ०.०६ आणि पुलीकडच्या बुशात ०.३१ मिलिमीटर होता. साधा ठोकताळा असा की अशा बुशात व्यासाच्या सुमारे एक हजारांश ते दोन हजारांश मोकळीक हवी, म्हणजे या शाफ्टला दोन ते चार शतांश मिलिमीटर. दूरचा बुश वयस्क म्हणावा असा आहे, पुलीकडचा मोडीत काढण्याजोगा.

या मापांवरून एक निर्णय लगेच झाला. शाफ्ट १८.९० चा झाला असेल, तर त्याच्यावर १९.०५ चा नवा बुश चढवून उपयोग नाही. पहिल्याच दिवशी दीड दशांशाची मोकळीक राहील. शाफ्ट उलटा करून बसवणे किंवा बाजूला सरकवून कोरा भाग बुशाखाली आणणे हे मार्ग आहेत आणि पुष्कळदा ते पुरतात, पण माझ्या शाफ्टला एकाच टोकाला पुलीसाठी सपाटी घासलेली आहे आणि सरकवायला जागा नाही. त्यामुळे ग्राइंड केलेल्या पोलादी सळईचा नवा शाफ्ट बनवून घ्यायचे ठरवले.

२० सप्टेंबर

नव्या शाफ्टसाठी लेथवर आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ परिचितांकडे जुना शाफ्ट आणि बुश घेऊन गेलो. त्यांनी शाफ्ट हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारले, “शाफ्ट मी करून देतो, पण बुश कोणत्या बाजूने खाल्लाय ते बघितलंत का?” मी मापे सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, “मापं राहू द्या, बाजू सांगा.” बाजू मला सांगता आली नाही. घरी येऊन बुश उजेडात धरला.

पुलीकडचा बुश वरच्या अंगाने खाल्लेला होता. खालच्या अर्ध्या भागात ब्राँझचा मूळचा मंद, सच्छिद्र पोत शाबूत होता, तर वरचा साधारण एक-तृतीयांश घेर आरशासारखा चकचकीत होऊन त्याची छिद्रे बुजली होती. त्या चकचकीत पट्ट्याच्या बरोबर मध्यभागी तेलाचे भोक होते आणि त्याच्या कडेला काळपट, चिकट किटण जमले होते.

याचा अर्थ लावायला थोडा विचार करावा लागला, पण तो लागला की तर्क अगदी सरळ आहे. शाफ्टवरचा भार एकाच दिशेने येत असेल, जसा पट्ट्याच्या ओढीचा येतो, तर बुशाचा एकच भाग सतत दाबला जातो आणि तिथेच झिजतो; शाफ्ट फिरत असल्याने त्याचा मात्र सगळा घेर आळीपाळीने त्या जागेखाली येतो आणि तो सारखाच झिजतो. उलट चाकाचा तोल बिघडलेला असेल, तर भार शाफ्टबरोबर फिरतो. तेव्हा शाफ्टची नेहमी एकच बाजू दाबली जाते आणि बुश सगळीकडून मोठा होतो. माझा शाफ्ट गोल आहे आणि बुश एकाच अंगाने खाल्लेला आहे. म्हणजे दोष तोलाचा नाही, पट्ट्याच्या ओढीचा आहे. असा बुश हाती असताना मी दोन दिवस आकडे मोजत बसलो होतो.

ओढ किती होती याचा हिशेब करता आला, कारण १३ तारखेला पट्टा उतरवण्यापूर्वी मी तो सामान तोलायच्या लटकत्या वजनकाट्याने मधोमध ओढून पाहिला होता. दोन पुलींमधला मोकळा पट्टा ३२० मिलिमीटर आहे आणि तो ५ मिलिमीटर दाबायला ८ न्यूटन, म्हणजे ८०० ग्रॅमच्या आसपास जोर लागला होता. दाबाचा जोर गुणिले लांबी, भागिले दाबल्या अंतराची चौपट, या सूत्राने पट्ट्याच्या एका पदरातला ताण सुमारे १२८ न्यूटन येतो. दोन पदरांची मिळून शाफ्टवरची ओढ २५० न्यूटनच्या घरात. आता गरज किती होती ते पाहू. एक-तृतीयांश अश्वशक्ती म्हणजे साधारण २५० वॉट. पट्टा सेकंदाला ७.५ मीटर धावतो. तेवढी शक्ती पोचवायला दोन पदरांतल्या ताणांचा फरक अवघा ३३ न्यूटन पुरतो, आणि व्ही-पट्टा खाचेत पाचरीसारखा बसत असल्याने घसरू नये म्हणून एकूण ओढ ५० न्यूटनच्या आसपास असली तरी भागते. माझा पट्टा गरजेच्या पाचपट ताणलेला होता.

बुशांवर याचा परिणाम काय झाला, तेही मांडून पाहिले. बुशांमधले अंतर ४०० मिलिमीटर, पुली बुशाच्या ५० मिलिमीटर बाहेर, चाकाचे वजन सुमारे ४ किलो. ओढ ५० न्यूटन असेल तर पुलीकडच्या बुशावर ३६ आणि दूरच्या बुशावर २६ न्यूटन भार येतो. दोघे जवळजवळ जोडीने ओझे वाहतात. ओढ २५० झाली की पुलीकडचा भार २६० वर जातो आणि दूरचा ५० पर्यंतच राहतो. एकाच शाफ्टवरचे, एकाच वयाचे दोन बुश इतके वेगळे का झिजले, याचे उत्तर या दोन ओळींत आहे.

तरीही केवळ २६० न्यूटनने हा बुश मरायला नको होता. सिंटर केलेल्या, म्हणजे धातूची भुकटी दाबून आणि तापवून घडवलेल्या, ब्राँझच्या बुशाची क्षमता दाब आणि घासण्याचा वेग यांच्या गुणाकाराने मोजतात आणि तेल मुरलेल्या बुशाला तो साधारण १.७५ मेगापास्कल-मीटर प्रति सेकंद इतका चालतो. माझ्या बुशात शाफ्टच्या पृष्ठाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर आणि बुशाची लांबी २५ मिलिमीटर धरून हा गुणाकार ०.४४ येतो, मर्यादेच्या पावपट. पण ही मर्यादा तेल असलेल्या बुशाची आहे. या बुशाच्या आकारमानाचा सुमारे पाचवा भाग म्हणजे बारीक छिद्रे असतात आणि त्यांत तेल मुरलेले असते. मोटर वर असल्याने घट्ट पट्टा शाफ्टला नेमका वर, तेलाच्या भोकावरच दाबून धरत होता. वरून घातलेले तेल आत शिरायला वाटच नव्हती. म्हणूनच १२ तारखेला तेल कपात तुंबले होते आणि पट्टा उतरवल्यावर आपोआप उतरू लागले.

आता सर्वांत आधीचा दुवा. पट्टा इतका घट्ट कुणी केला? मी. गेल्या हिवाळ्यात सुरू होताना पट्टा किंचाळत होता, म्हणून मोटरचा ताणबोल्ट फिरवत गेलो आणि आवाज थांबल्यावर थांबलो. त्याच वेळी बुशावर गंज सोडवणारा फवाराही मारला होता. ते द्रव वंगण नव्हे. ते छिद्रांतले उरलेसुरले तेल पातळ करून धुऊन नेते आणि स्वतः उडून जाते. भोकाच्या कडेचे किटण बहुधा त्याचेच आहे.

२३ सप्टेंबर

मोटर उघडली. दोन्ही कव्हरे आणि मधले कवच यांच्या सांध्यांवर पोगराने खुणा केल्या, एका बाजूला एक टिंब, दुसऱ्या बाजूला दोन, म्हणजे जोडताना कव्हर फिरून बसणार नाही. मागच्या कव्हरमध्ये मोटर सुरू झाल्यावर सुरुवातीची गुंडाळी तोडणारा केंद्रोत्सारी स्विच असतो. त्याचे पाते वाकू नये म्हणून कव्हर सरळ रेषेतच बाहेर काढले.

बेअरिंगे दोन्ही ६२०३ क्रमांकाची निघाली. आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिलिमीटर. या क्रमांकातले शेवटचे दोन अंक आतला व्यास सांगतात: ०४ आणि पुढे त्या अंकांना पाचाने गुणायचे, पण ००, ०१, ०२, ०३ साठी अनुक्रमे १०, १२, १५, १७ असे ठरलेले व्यास पाठच असावे लागतात. पुलीकडच्या बेअरिंगचे पत्र्याचे झाकण उचकटून पाहिले. ग्रीस काळे पडून वाळलेल्या डिंकासारखे पिंजऱ्याला चिकटले होते. गोळ्या धावतात त्या वाटेवर खळगे नव्हते, फक्त एक मंद, धुरकट पट्टा होता.

इथेही घट्ट पट्ट्यालाच दोष द्यावा असे वाटले होते, पण हिशेब तसे सांगत नाही. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. या बेअरिंगची गतिमान क्षमता ९.५ किलोन्यूटनच्या आसपास असते. ३०० न्यूटन भार धरला तरी गणिताने तीन लाख तासांचे आयुष्य मिळते. एवढ्या लहान मोटरीचे बेअरिंग भाराने मरत नाही, ग्रीसने मरते. ही बेअरिंगे म्हातारपणाने गेली.

जुनी बेअरिंगे पुलरने काढली. बेअरिंग शाफ्टवर घट्ट असते तेव्हा जोर आतल्या कड्यावरच द्यायचा, हा नियम काढताना आणि बसवताना सारखाच आहे. बाहेरच्या कड्यावर जोर दिला तर तो सगळा गोळ्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगच्या वाटेवर बसवतानाच खळगे पडतात. नवी बेअरिंगे दोन्ही बाजूंना झाकणे असलेलीच आणली. ती गरम हवेने ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. त्यापलीकडे आतल्या ग्रीसला त्रास होतो, आणि ज्योत तर कधीच लावू नये. साठ अंशांच्या वाढीने १७ मिलिमीटरचे भोक साधारण १२ मायक्रॉन मोठे होते. हे ऐकायला काहीच नाही, पण पहिले बेअरिंग शाफ्टवर बोटांनी जवळजवळ शेवटपर्यंत सरकले आणि उरलेल्या दोन मिलिमीटरसाठी आतल्या कड्यावर टेकवलेल्या नळीला एक हलका टोला पुरला. दुसरे वाटेत निवले आणि अडकले. पुन्हा काढून, तापवून, न थांबता बसवावे लागले.

मागच्या कव्हरच्या खोबणीत लाटेसारखी वळलेली एक पातळ वॉशर आहे. ती बेअरिंगांवर आडवा हलका दाब ठेवते. ती विसरली तर नवी बेअरिंगेसुद्धा खडखडतात. ती आधीच काढून डबीत ठेवली होती, जोडताना आठवणीने परत घातली.

२७ सप्टेंबर

नवा शाफ्ट आला. मायक्रोमीटरवर सगळीकडे १९.०४. नवे बुश रात्रभर तेलात बुडवून ठेवले होते. बुश जरा घट्ट वाटला म्हणून त्याला आतून पॉलिश पेपर मारण्याची चूक अनेक जण करतात. त्याने ब्राँझ पसरून छिद्रे बुजतात, आणि बुशाचा सगळा जीव त्या छिद्रांत असतो. शाफ्टच्या टोकांच्या धारा मोडून तो तेल लावून फिरवत आत घातला.

कपातला जुना नमदा कडक झाला होता, तो बदलला. बुशाची रबरी कडीही नवी घातली. बुश कडीत जरासा डोलू शकतो आणि शाफ्टच्या रेषेत स्वतःला लावून घेतो, म्हणून दोन्ही ब्रॅकेटचे बोल्ट आधी सैल ठेवून शाफ्ट हाताने फिरवत फिरवत आळीपाळीने आवळले. चाक कवचाच्या दोन्ही तोंडांपासून सारख्या अंतरावर आणले आणि ग्रब स्क्रू शाफ्टवर घासलेल्या सपाटीवरच घट्ट केला.

चाकाला हाताने एक झटका दिला. ते आवाज न करता फिरत राहिले, मंदावले, थांबताना अर्धा फेरा मागे झुलले आणि मग स्थिर झाले. मी ते पाच-सहा वेळा केले. एवढ्या वेळा करण्याची गरज नव्हती.

२८ सप्टेंबर

पट्ट्याच्या किंचाळण्याचे मूळ आज सापडले. दोन्ही पुलींच्या तोंडांवर लांब सरळ पट्टी टेकवली, तर मोटरची पुली ४ मिलिमीटर बाहेर होती. पट्टा खाचेत तिरका शिरत होता आणि एका कडेने घासत होता. जुन्या पट्ट्याची तीच एक कड काचेसारखी गुळगुळीत झालेली आहे. पट्टा घट्ट केल्याने आवाज थांबला, तिरकेपणा तसाच राहिला.

चालत्या पट्ट्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून हे गेल्या वर्षीच कळले असते. पाण्याने आवाज क्षणभर कमी होऊन परत आला तर पुली तिरक्या आहेत, आणि आवाज वाढला तर पट्टा सैल होऊन घसरतो आहे.

मोटरची पुली शाफ्टवर सरकवून पट्टी चारही ठिकाणी टेकेपर्यंत लावली. नवा पट्टा घातला आणि मधोमध अर्धा किलो जोराने १६ मिलिमीटर दबेल इतकाच ताणला. सूत्राने एका पदरात २५ न्यूटन येतात. हाताला हा पट्टा इतका सैल वाटतो की बोल्ट आणखी दोन फेरे फिरवावा असे वाटत राहते. फिरवला नाही.

२९ सप्टेंबर

ब्लोअर जागेवर बसवला आणि कप्प्याचे दार नीट बंद करून मगच फर्नेस चालवली. दार उघडे ठेवून चाचणी कधीच करू नये. ब्लोअरच्या ओढीच्या बाजूला दाब कमी असतो. दार उघडे असेल तर तो फर्नेसच्या आसपासची हवा, आणि तिच्याबरोबर ज्वलनाचे वायूही, ओढून घरभर पसरवू शकतो. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. दाराचा सुरक्षा स्विच दाबून धरण्यासाठी चिकटपट्टी लावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते पाहून मला दर वेळी काळजी वाटली आहे.

सुरू होताना आवाज नाही. चालताना फक्त हवेचा आवाज. बंद केल्यावर चाक ३१ सेकंद फिरत राहिले. दुरुस्तीपूर्वी ९ सेकंदांत थांबत होते.

तापमानही मोजले. फर्नेसच्या पाटीवर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक २२ ते ३९ अंश सेल्सिअस असावा असे लिहिलेले आहे. १२ तारखेला तो ३९ होता, अगदी कडेला. आज ३२ आला. ब्लोअर कमी हवा टाकू लागला की हा फरक वाढत जातो, उष्णता विनिमयकाला, म्हणजे ज्वलनाची उष्णता हवेला देणाऱ्या भागाला, गरजेपेक्षा जास्त ताप सोसावा लागतो आणि शेवटी तापमर्यादेचा स्विच बर्नर बंद करतो. तेव्हा लोक बर्नर तपासत बसतात.

क्लॅम्प मीटरवर मोटरचा प्रवाह ४.१ वरून ४.६ अँपिअर झाला. नवी बेअरिंगे घालून प्रवाह वाढलेला पाहून क्षणभर घाबरलो होतो, पण ते बरोबरच आहे. पुढे वळलेल्या पात्यांचे हे चाक जितकी जास्त हवा हलवते तितकी जास्त शक्ती घेते. पाती स्वच्छ झाली, हवा वाढली, म्हणून प्रवाह वाढला. पाटीवरची मर्यादा ५.४ आहे. गाळणी काढून चालवले तर तो आणखी वाढेल, हेही त्याच कारणाने.

१५ ऑक्टोबर

दोन आठवड्यांत नवा पट्टा बसून थोडा सैल झाला. तोच जोर लावला तर २१ मिलिमीटर दबत होता. पुन्हा १६ वर आणला. पुलींची सरळ रेषा जशीच्या तशी आहे.

११ जानेवारी

ऐन थंडीत ब्लोअर दिवसाला आठ तासांच्या आसपास चालतो आहे, म्हणजे रोज साडेतीन लाखांहून अधिक फेरे. वीज आणि गॅस बंद करून, पट्टा उतरवून तपासणी केली. डायल गेजवर पुलीकडे ०.०३ आणि दूरच्या बुशात ०.०३. दोन्हीकडे सारखेच, याचा मला आकड्यापेक्षाही जास्त आनंद झाला. दोन्ही कपांत तीन-तीन थेंब तेल घातले. पट्टा चढवून १६ मिलिमीटरवर आणला आणि मग थांबून पाहिले: पट्टा ताणलेला असतानाही दोन्ही कप मिनिटभरात रिकामे झाले.

कप्प्याच्या दाराच्या आतल्या बाजूला कायमच्या शाईने लिहिले आहे: पट्टा अर्धा किलोला १६ मिमी, तेल वर्षातून दोनदा तीन थेंब, पट्टा किंचाळला तर आधी सरळ पट्टी लावून पाहणे.